विरजणापुरती मदत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळाच्या कामाचा आढावा घ्यावा अशी आपली रीत आहे. तो आपल्या चिटणीसबाईंनी आत्ताच फार चांगला घेतला. कार्यकारिणीने मला दिलेला विषय मात्र ऐकताच कुणी म्हणेल, हे आपल्या पोळी-भाजीत कुठून आले? विषय आहे, एका देशाने दुसऱ्या देशाच्या विकासासाठी करायची मदत. मी शाळेत भूगोल शिकवला, तेवढाच माझा अधिकार. पण हा विषय आजच का, हे आपण सर्वजणी जाणतो. आपल्या पोळी-भाजी केंद्राला बाहेरची एक संस्था पोळ्यांचे यंत्र देऊ करीत आहे. यंत्र फुकट, मात्र दुरुस्ती त्यांच्याच माणसाकडून करून घ्यायची आणि केंद्राच्या पाटीवर त्यांचे नाव लावायचे. घ्यावे की न घ्यावे, यावरून आपल्यात दोन तट पडले आहेत. म्हणून म्हटले, ज्या प्रश्नाशी मोठमोठी राष्ट्रे ऐंशी वर्षे झगडत आहेत, तो त्यांनी कसा हाताळला ते आधी पाहू.

आपल्या घरात वस्तू तीन वाटांनी येते. एक दान. दुसरे उसने, वाटीभर साखर आणली तर वाटीभर परत करायची. तिसरा आहेर, ज्याची वहीत नोंद असते आणि जो पुढे कधीतरी फेडायचा असतो. देशादेशांतली मदतही अशीच असते. अनुदान म्हणजे दान, कर्ज म्हणजे उसने. पण बहुतेक दानांच्या आणि उसन्यांच्या पोटात थोडाफार आहेर लपलेला असतो.

दुसरे महायुद्ध संपायच्या आधीच, १९४४ साली, अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि तेथे जागतिक बँकेचा पाया घातला गेला. १९४८ पासून अमेरिकेने मार्शल योजनेखाली पश्चिम युरोपला सुमारे १,३०० कोटी डॉलरची मदत केली. तीत कळवळा होता, तसा रशियाचा प्रभाव रोखण्याचा हेतूही होता. आशियासाठी १९५० साली कोलंबो योजना आखली गेली. पुढे भारताने पोलाद कारखाने काढायचे ठरवले, तेव्हा भिलाईला रशिया, राउरकेल्याला पश्चिम जर्मनी आणि दुर्गापूरला ब्रिटन धावून आले. एका लग्नात तीन घरचे आहेर यावेत आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या ताटाकडे डोळा ठेवावा, तसे ते होते. त्या चुरशीचा फायदा आपल्याला झाला, हेही खरेच.

त्याच काळात आपल्या पुण्याजवळ पिंपरीला एक वेगळे काम झाले. पेनिसिलिन तेव्हा बाहेरून येई. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले आणि १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. नुसत्या औषधाच्या पेट्या आल्या असत्या, तर त्या वर्षभरात संपल्या असत्या. इथे औषध करण्याची विद्या आली आणि आपल्या माणसांच्या हातात राहिली.

शेजारणीकडून आपण रोज वाटीभर दही आणू लागलो, तर ती आज ना उद्या कुरकुरेल आणि आपणही ओशाळे होऊ. पण तिच्याकडून चमचाभर विरजण एकदाच आणले, तर दुसऱ्या दिवसापासून दही आपले. पिंपरीला विरजण आले, असे मी म्हणते.

आता रोजच्या वाटीची गोष्ट ऐका. १९५४ साली अमेरिकेने पी.एल. ४८० नावाचा कायदा केला. तिथे धान्याचे ढीग पडले होते आणि आपल्याकडे तुटवडा होता. १९५६ साली भारताशी करार झाला. धान्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकवता येई, ही मोठी सवलत होती. धान्य आले, लाखो माणसे जगली, हे उपकार विसरू नयेत. माझ्या वयाच्या बायकांना रेशनवरची ती मिलो आठवत असेल. तिच्या भाकरीला थापता थापताच चिरा पडत आणि आई म्हणायची, ‘धर्माची गाय अन् दात का गं नाय!’

पण १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा या वाटीची खरी किंमत कळली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षाचा करार थांबवून धान्य थोडे थोडे सोडायला सुरुवात केली. शेतीचे धोरण बदला, असा त्यांचा आग्रह होता. व्हिएतनामच्या युद्धावर भारत टीका करी, याचा रागही होता. इकडे लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडायचे आवाहन केले आणि कितीतरी घरांतल्या चुली सोमवारी रात्री पेटल्या नाहीत. जहाज बंदराला लागेल तेव्हा भाकरी, अशी एका स्वतंत्र देशाची अवस्था झाली.

त्याच सुमारास दुसरीही एक वस्तू जहाजाने आली. कृषिमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांच्या कारकिर्दीत, १९६६ साली, मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले गेले. नॉर्मन बोरलॉग यांनी तयार केलेल्या बुटक्या वाणांचे ते बी. स्वामीनाथन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ते इथल्या मातीत रुजवले, सुधारले. लाखो टन धान्य आले आणि खाऊन संपले. हे १८,००० टन मात्र पेरले गेले. पुढे १९७४ साली पी.एल. ४८० च्या साठलेल्या रुपयांचा हिशेब मिटला आणि अमेरिकी राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. आहेराची वही एकदाची मिटली.

मदत कशी घ्यावी याचा धडा मात्र मला दुधात सापडतो. १९७० च्या आगेमागे युरोपात दुधाच्या भुकटीचे आणि लोण्याचे डोंगर साचले होते. ते इथे स्वस्तात वाटले असते, तर मुंबई-दिल्लीच्या लोकांना चार दिवस सुखाचे गेले असते. पण खेड्यातल्या बाईच्या म्हशीच्या दुधाला भाव उरला नसता आणि तिने म्हैस विकून टाकली असती. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने, म्हणजे डॉ. कुरियन यांनी, जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन लोणीतेल दान म्हणून घेण्याचे ठरवले, पण अट आपली घातली. भुकटीचे दूध करून ते शहरात चालू भावानेच विकायचे आणि त्या पैशातून खेड्यांत सहकारी संघ, शीतकेंद्रे, टँकर उभे करायचे. यालाच दुधाचा महापूर म्हणतात. या योजनेवर टीकाही झाली. दूध शहराकडे गेले आणि खेड्यातल्या पोरांच्या वाटीतले कमी झाले, असे म्हणणारे लोक होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. तरीपण १९९८ साली भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला. दान दात्याचे, पण रीत घेणाऱ्याची, हे त्यातले मर्म.

घेणारा म्हणजे तरी कोण? दिल्लीचे सरकार की नदीकाठची बाई? १९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. आपल्या महाराष्ट्रातली, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली ३३ गावे त्या पाण्याखाली येणार होती. तिथल्या आदिवासींना विचारायचे राहूनच गेले होते. मेधाताई पाटकर आणि तिथल्या लोकांनी लढा दिला. शेवटी बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिचा १९९२ चा अहवाल इतका कडक होता, की मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको म्हणून कळवले. धरण पुढे आपल्या पैशाने पुरे झाले, ते दुःख निराळे. पण त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ स्थापन केले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खाली उतरणे भाग पडले.

त्याच १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनाला जागतिक बँकेचेच कर्ज होते. पण इथे घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. सरकार आणि घरमालक यांच्यामध्ये त्या उभ्या राहिल्या. आपल्यासारख्याच बायका त्या.

आता काळ आणखी पालटला आहे. भारत स्वतः देणारा झाला, तोही आजचा नाही. १९६४ पासून आपण इतर देशांच्या लोकांना इथे प्रशिक्षण देत आलो आहोत. २००४ च्या त्सुनामीत आपण परदेशी सरकारांची मदत नाकारली आणि श्रीलंकेला पाठवली. जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात तयार झालेली लस भूतानला आणि मालदीवला गेली. पिंपरीला मदत आली होती, त्याच परिसरातून मदत बाहेर निघाली! पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आपलीच माणसे प्राणवायूवाचून तडफडू लागली, लसीची निर्यात थांबली आणि परदेशांतून आलेला प्राणवायू आपण घेतला. तेव्हा, आम्ही आता कुणाचे घेत नाही, असा ताठा नको. देणारा हात केव्हा पसरावा लागेल, सांगता येत नाही.

आणि देणाऱ्याचाही भरवसा किती धरावा? श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीसाठी द्यावे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांत १९७० साली झाला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्याच देशांनी तो वर्षानुवर्षे पाळला. अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड १९६१ साली स्थापन झाली. २०२५ च्या जानेवारीत तिची मदत एकाएकी रोखली गेली आणि १ जुलैपासून ती संस्थाच उरली नाही. आफ्रिकेत एड्सची औषधे देणारी कितीतरी केंद्रे त्यामुळे अडचणीत आली. ज्यांच्याकडे विरजण होते त्यांनी कसेबसे निभावले. जे रोजच्या वाटीवर होते त्यांचे हाल झाले.

आता आपल्या यंत्राकडे येते. ते परत पाठवावे असे मी म्हणत नाही. आलेल्या चांगल्या वस्तूला नाक मुरडणे हाही गर्वच. पण ते घेताना आपली रीत ठरवून घेऊ. पहिली गोष्ट, आपल्यातल्या दोघींना यंत्राची दुरुस्ती शिकवावी आणि सुटे भाग कुठूनही आणण्याची मोकळीक असावी. दुसरी, हिशेब आणि पोळीचा भाव मंडळाच्या हाती राहावा. पाटीवर त्यांचे नाव खुशाल लागो. कृतज्ञतेला आपण कधी कमी पडलो नाही. आणि तिसरी, खरे म्हणजे सर्वांत आधीची. केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या अकरा जणींना अजून कुणी काही विचारलेले नाही. त्यांच्या हातांना यंत्रानंतर काय काम असेल, हे त्यांच्याशी बसून ठरवल्याशिवाय कागदावर सही होऊ नये.

या अटी त्या संस्थेला मान्य झाल्या, तर यंत्राला आपण सर्वजणी मिळून हळदीकुंकू लावू. नाही झाल्या, तर आपली पोळपाट-लाटणी आहेतच. सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. त्या अकरा जणींना समोरच्या रांगेत बसवा आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या, एवढीच माझी विनंती.