आजारपणाचा हिशेब घरापासून



आरोग्याच्या अर्थशास्त्रावरची ही परिषद मानवतला भरते आहे, याचा स्वागत समितीला मनापासून आनंद आहे. काही पाहुणे पहाटेच्या गाडीने मानवत रोडला उतरले, काही परभणीहून आले, काही पाथरीकडून. कापसाचा हंगाम भरात आहे, त्यामुळे रस्त्यात भरलेल्या गाड्यांनी बऱ्याच जणांचा खोळंबा केला असेल. त्या गाड्या आमच्या मोंढ्यात येतात आणि गावाचं वर्ष त्यांच्यावर चालतं. उतरण्याची सोय गावातल्या घरांमध्ये केली आहे. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा आहे. काही कमी-जास्त वाटलं तर संकोच न करता कार्यकर्त्यांना सांगा.

असा विषय पुण्या-मुंबईच्या सभागृहात शोभतो, तालुक्याच्या गावी कशाला, असं मला एक-दोघांनी विचारलं. त्यांना दिलेलं उत्तर आपल्यासमोरही मांडतो.

मोंढ्यात आमची कापसाची अडत आहे. हंगामाआधी शेतकरी उचल नेतो आणि कापूस आला की ती पट्टीतून वळती होते. उचल कशासाठी नेली हे रकमेसमोर लिहून ठेवायची आमच्या वडिलांची पद्धत होती, ती मी मोडली नाही. बियाणं, खत, लग्न, पोरांची फी, दवाखाना. अलीकडच्या वह्या उघडल्या तर दवाखान्याच्या नोंदी खताच्या नोंदींच्या बरोबरीला आलेल्या दिसतात. खताची उचल पेरणीच्या सुमाराला येते आणि थांबते. दवाखान्याची बारा महिने चालू असते.

त्यातलं एकच पान सांगतो, नाव-गाव सोडून. घरधनिणीचं पोटाचं ऑपरेशन होतं. महात्मा फुले योजनेतून झालं, रुग्णालयाने एक रुपया घेतला नाही. योजनेने आपलं काम केलं, हे मी आवर्जून सांगतो. तरीही त्या पानावर तीन उचली आहेत. पहिली ऑपरेशनच्या आधीची, सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्यांसाठी. दुसरी ऑपरेशनच्या दिवसांतली, जीपचं भाडं आणि सोबत राहिलेल्या दोघांच्या जेवणाखाणासाठी. तिसरी घरी आल्यावरची, औषधांसाठी. पहिली वेचणी झाली तशी त्याने गाडी भरून आणली आणि त्या दिवशी बाजारात जो भाव होता त्या भावाने माल दिला. आणखी थोडे दिवस थांबण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. भावातला तो फरकसुद्धा आजारपणाचाच खर्च आहे, पण तो कुठल्याही रुग्णालयाच्या बिलावर येत नाही. असा घाईने विकलेला माल आमच्याच बाजारात येतो. म्हणून ही गोष्ट मोठ्याने सांगण्याची पहिली जबाबदारी आम्हा व्यापाऱ्यांची आहे, असं मी मानतो.

हा विषय जगात ज्या लेखाने पक्का रुजला असं जाणकार मानतात, तो केनेथ ॲरो यांचा लेख 1963 सालचा. त्याचा गाभा प्राध्यापकांनी मला समजावून सांगितला, आणि मोंढ्यात बसणाऱ्याला तो लगेच पटतो. लिलावात शेतकऱ्याला आपला माल माहीत असतो, बोली त्याच्या कानावर पडते, भाव पसंत नसेल तर तो गाडी परत नेऊ शकतो. दवाखान्यात यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. आजार कधी येणार ते ठाऊक नाही, उपचार कोणता लागेल ते समोरचाच ठरवणार, आणि परत फिरायची सोय नाही. तेव्हा नुसत्या बाजाराच्या भरवशावर हा व्यवहार सोडता येत नाही. सोडायचा नसेल तर तो कोणीतरी नीट मोजला पाहिजे.

देशपातळीवर मोजणी होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे 4,450 रुपये आणि खासगीत सुमारे 31,850 रुपये निघाला. राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात की देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही समाधानाची गोष्ट आहे. पण वाटा कमी झाला म्हणून एखाद्या घराचा खर्च कमी झालाच, असं त्यातून निघत नाही. सरकारचा खर्च वाढला तरी लोकांचा वाटा घटतो. आणि देशाच्या सरासरीत मानवत तालुका कुठे बसतो, ते त्या आकड्यातून कळायला मार्ग नाही. दवाखान्यासाठी कर्ज काढलं का, असा प्रश्न प्रश्नावलीत असतो. आमचा शेतकरी त्याला नाही म्हणेल, कारण अडतीवरची उचल कापसात फिटते, ती तो कर्जात धरत नाही. हे इथल्याच पोराला माहीत असणार. म्हणून मोजणारं माणूस इथलं हवं.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेत वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी केली, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. घरोघरी जाऊन, माणसाला विचारून आकडे गोळा करायचे, हा धडा त्यांनी स्वातंत्र्याच्या आधीच घालून दिला. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था 1956 पासून उभी आहे, आणि देशाची कुटुंब आरोग्य सर्वेक्षणं तिथून चालतात. डॉ. नोशीर अंतिया प्लास्टिक सर्जन होते, पण त्यांनी 1975 मध्ये सामूहिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था काढली. त्या संस्थेतर्फे रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यातल्या घरांचा आरोग्यखर्च मोजला, तो अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्यावरचा मुख्य खर्च लोक स्वतः करतात, हे त्यातून एका जिल्ह्यापुरतं का होईना, पुराव्यानिशी समोर आलं. जळगावही कापसाचाच मुलूख आहे. तिथे जे झालं ते परभणीत का होऊ नये?

गडचिरोलीचं उदाहरण तर मला फार मोलाचं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं, हे अनेकांना माहीत आहे. त्याच अभ्यासात दिलेल्या दुसऱ्या आकड्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. एका बाळामागे खर्च आला 5.3 डॉलर, त्या वेळच्या भावाने सुमारे दोनशे रुपये. बाळ वाचतं एवढंच न सांगता किती पैशांत वाचतं हेही त्यांनी सांगितलं. असा आकडा समोर ठेवला की परवडत नाही हे कारण पुढे करणं कोणालाही जड जातं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन घेते, ताप पाहते. त्या कामामागे गडचिरोलीचा हा हिशेब उभा आहे.

आता आफ्रिकेकडे वळतो, कारण या परिषदेत त्यावर एक पूर्ण सत्र आहे आणि ते मुद्दाम ठेवलं आहे. केपटाऊन विद्यापीठात 1990 मध्ये आरोग्य अर्थशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. वर्णद्वेषी राजवट तेव्हा संपायची होती. नवं सरकार येईल तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या दवाखान्यांत पैसा कसा वाटला गेला होता, हे त्याला कोणीतरी आकड्यांनिशी सांगायला हवं होतं. तो विभाग उभारणाऱ्या डाय मॅकिंटायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या देशांतल्या विद्यार्थ्यांनाही तयार केलं. नायजेरियात एनुगूला, टांझानियात इफाकाराला, घानामध्ये अशी केंद्रं उभी राहिली आणि 2009 मध्ये अक्राला आफ्रिकेतल्या आरोग्य अर्थशास्त्रज्ञांची पहिली परिषद भरली. घाना, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांचा त्यांचा एकत्र अभ्यास 2012 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. पैसा कोण भरतो आणि सेवा कोणाच्या वाट्याला येते, या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या. तिन्ही देशांत एकंदर आर्थिक भार सधनांवर जास्त होता, हे चांगलंच झालं. पण आजारपण गरिबांत जास्त असूनही सेवेचा लाभ सधनांनाच जास्त मिळत होता. दोन्ही बाजू मोजल्या नसत्या तर अर्धंच चित्र दिसलं असतं.

युगांडाचं उदाहरण आपल्याला याहून जवळचं आहे. तिथे 2001 मध्ये सरकारी दवाखान्यांतलं शुल्क बंद झालं. गरीब माणसं मोठ्या संख्येने दवाखान्यात येऊ लागली, आणि हे यश खरंच होतं. पुढे संशोधकांनी घरखर्चाची आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की गरिबांत आजारपणापायी कंबरडं मोडणाऱ्या घरांचं प्रमाण कमी झालेलं नाही. सरकारी दवाखान्यात औषध न मिळाल्यामुळे लोक ते बाहेरून विकत घेत असावेत, असं कारण त्यांनी मांडलं.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क केले. महात्मा फुले योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने नांदेडसह 8 जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पोचली, आणि दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांवर गेलं आहे. या दोन्ही निर्णयांचं मी स्वागत करतो. पण युगांडात जो प्रश्न विचारला गेला तो आपल्यालाही विचारावा लागेल. केसपेपरचे पैसे वाचले, मग बाहेरच्या औषधांचं काय झालं? रक्तदाबाची आणि साखरेची गोळी रोज घ्यावी लागते, ती घेण्यासाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. योजनेच्या यादीत तिला जागा नाही आणि घरखर्चातून ती कधी जात नाही. मानवतहून परभणी, परभणीहून नांदेड किंवा संभाजीनगर, या वाटेवर एका घराचे किती पैसे आणि किती रोज बुडतात, हे आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं त्याच घरांत जाऊन मोजायला हवं.

तसं मोजण्याचा नमुना पुण्याजवळ आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने 2002 पासून आसपासच्या 22 गावांतली माणसं नोंदवून ठेवली आहेत. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण परगावी राहायला गेलं, हे घरोघरी जाऊन टिपलं जातं. अशा केंद्रांचं जे आंतरराष्ट्रीय जाळं आहे, त्यात वढू आहे आणि त्या जाळ्याचं मुख्यालय घानाच्या राजधानीत, अक्राला. म्हणजे शिरूरच्या गावांची आणि आफ्रिकेतल्या गावांची माहिती एकाच पद्धतीने गोळा होते आणि एकमेकांशी ताडून पाहता येते. परभणीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची महाविद्यालयं या जिल्ह्यात गावोगाव आहेत, त्यांत अर्थशास्त्राचे वर्ग आहेत. तिथली मुलं मागणी-पुरवठ्याचे आलेख काढतात, पण स्वतःच्या आजीच्या औषधांचा वर्षाचा खर्च मांडायला त्यांना कोणी सांगत नाही. डॉक्टर होणाऱ्या मुलांना उपचार शिकवतात, उपचाराची किंमत रुग्णाच्या घरात कशी फिटते ते शिकवत नाहीत. या दोन्ही वर्गांनी एकत्र बसावं, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी नवी इमारत नको. एक चांगली मराठी प्रश्नावली, चार गावं, तीच घरं दर वर्षी, आणि तपासून घेणारे एक-दोन कडक शिक्षक मिळाले की काम सुरू होईल.

आशाताईंना एक विनंती आहे. कोणत्या घरात खाट धरलेलं माणूस आहे, कोणी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, हे तुम्हाला पाठ असतं. या दोन दिवसांत मागच्या रांगेत बसू नका. प्रश्नावलीत काय विचारायचं आणि ते कसं विचारायचं, हे तुमच्याकडून शिकायला इथे आलेल्या विद्वानांची ना नसेल, अशी माझी खात्री आहे.

स्वागत समितीच्या वतीने दोन गोष्टींचा शब्द देतो. पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिल्या वर्षाचा प्रवासखर्च आणि जेवणखर्च मोंढ्यातले आम्ही काही व्यापारी उचलू. ज्यांची तयारी आहे त्या अडत्यांच्या वह्या, शेतकऱ्यांची परवानगी घेऊन आणि नावं झाकून, संशोधकांना पाहायला मिळतील. आमच्या वहीपासून सुरुवात करायला मी तयार आहे. आकडे कोणाला गैरसोयीचे निघाले तरी ते जसेच्या तसे छापले जावेत, हीच आमची एकमेव अट.

उद्या दुपारच्या सत्रानंतर चहाला जाण्याआधी प्रश्नावलीचा कच्चा मसुदा या टेबलावर असावा आणि चार गावांची नावं ठरलेली असावीत, अशी अध्यक्षांना विनंती करतो. आपण सर्व जण कामधाम सोडून इथवर आलात. समस्त मानवतकरांच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत करतो आणि उद्घाटक महोदयांना दीपप्रज्वलनासाठी आमंत्रित करतो.