चहाचा पेला आणि ग्रामण्य

धर्माचा पगडा माणसाच्या मनावर असतो, असें सामान्यतः म्हटलें जातें. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण पाहिलें, म्हणजे तो मनापेक्षां माजघरावरच अधिक असावा, अशी शंका येते.

इ. स. १८९० च्या आक्टोबर महिन्यांत या मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. रानडे, टिळक, गोखले हे त्यांतलेच. पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी चहा घेतला. कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातीं धरून खालीं ठेवला. हा योग जुळवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, हे मोठे विक्षिप्त गृहस्थ. त्यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि एका पेल्याचें ग्रामण्य झालें.

सनातनी मंडळींनीं शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. त्यांच्या वतीनें चौकशी बसली. या साऱ्या खटाटोपांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, आरोपींपैकीं देवावर श्रद्धा कोणाची आहे, सत्यानें कोण वागतो, गरिबाला कोण नाडतो, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच, कीं पेला ओठांस लागला कीं नाहीं! आणि दोष ठरला तरी त्याचें निवारण प्रायश्चित्तानें व दक्षिणेनें होण्याजोगें होतें. इतक्या स्वस्तांत फिटणारें पाप आत्म्याला खरोखर जडलें होतें, असें चौकशी करणारांना तरी वाटत होतें काय?

बरें, शिकल्यासवरल्या मंडळींनीं हें हसण्यावारी कां नेलें नाहीं? कारण बहिष्काराचा मार बैठकींत पडत नाहीं. तो घरांत पडतो. श्राद्धाला भटजी येत नाहीं, पंक्तीला कोणी बसत नाहीं, सासरची माणसें लेकीला माहेरीं धाडीत नाहींत. ज्यांनीं चहाचा थेंबहि चाखलेला नसतो, त्या बायामुलींनाच तो सोसावा लागतो. काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें टिळकांनीं दाखवून दिलें. तरीहि घरच्या धर्मकृत्यांना पुरोहित मिळण्याची पंचाईत त्यांना चुकली नाहीं.

रानड्यांची गोष्ट याहून मनाला लागणारी आहे. ते प्रार्थनासमाजाचे धुरीण. चहानें धर्म बुडतो, यावर त्यांचा विश्वास असणें शक्यच नव्हतें. तथापि १८९२ सालीं त्यांनीं प्रायश्चित्त घेतलें, आणि सुधारकांना मोठा धक्का बसला. मित्रांच्या घरची अडचण दूर व्हावी म्हणून त्यांनीं तें केलें, असें रमाबाईंच्या आठवणींवरून कळतें. त्यांच्या सौजन्याविषयीं संशय घेण्याचें कारण नाहीं. पण ज्या सत्तेपुढें एवढा मोठा मनुष्य ती न मानतांहि मान तुकवितो, तिला कोणाच्या श्रद्धेची गरज ती काय उरली?

ही सत्ता पुण्याच्या ब्राह्मणांपुरतीच होती, असें मात्र कोणीं समजूं नये. वाळीत टाकण्यास बंदी करणारा कायदा मुंबई प्रांतांत १९४९ सालीं झाला. दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनीं त्यास आव्हान दिलें, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं धर्मस्वातंत्र्याच्या आधारें तो रद्द ठरविला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध निराळा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ सालीं पुन्हां करावा लागला. तोंपर्यंत पंचहौदाच्या चहाला सव्वाशें वर्षें होऊन गेलीं होतीं.