मोटारीचे मोल

“दादा, पाच-सहा लाखांत सर्वांत परवडणारी मोटार कोणती?” असा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीने इंदूरहून दूरध्वनीवर विचारला, तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही. याचे तिला नवल वाटले. सरकारी नोकरीतील माझा बराचसा काळ निविदा उघडण्यात, त्यांचे तुलनात्मक तक्ते तपासण्यात आणि न्यूनतम दराच्या निविदेवर सही करण्यात गेलेला आहे. खुर्च्या, पंखे, पाण्याचे पंप, इतकेच काय, कार्यालयाची वाहनेही मी खरेदी केली आहेत. परंतु त्या खरेदीत एक मोठी सोय असते. जो सही करतो त्याला त्या खुर्चीवर बसावे लागतेच असे नाही. येथे मोटारीत बसणार होती माझी आई.

आमच्या वडिलांच्या पिढीपुढे हा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही. उत्तरपाड्याची अँबेसेडर, कुर्ल्याची फियाट म्हणजेच पुढची पद्मिनी, आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्यांत निवड संपत असे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हीच काय ती खरेदी. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० दिल्लीच्या एका गृहस्थांच्या हाती पडली, तिची किंमत पन्नास हजारांच्या आत होती, आणि तेव्हापासून मध्यम वर्गाच्या तोंडी ‘परवडणारी गाडी’ हे शब्द आले. पुढे जानेवारी २००८ मध्ये टाटांनी एक लाखाच्या नॅनोची घोषणा केली. स्कूटरवर दाटीवाटीने बसलेले चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. हेतू उदात्त होता, अभियांत्रिकीही कौतुकास्पद होती. तरीही मार्च २००९ मध्ये बाजारात आलेली ही गाडी दहाच वर्षांत कालवश झाली. तिच्या अपयशाची अनेक कारणे सांगतात. मला त्यांतले एक विशेष पटते. ‘सर्वांत स्वस्त’ ही पाटी दारावर लावून हिंडण्याची हौस स्कूटरवाल्या कुटुंबालाही नव्हती.

एम.ए.च्या वर्गात अर्थशास्त्र शिकताना उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद आम्ही घोकून पाठ केला होता. पाणी अमूल्य असूनही फुकट का, आणि हिरा निरुपयोगी असूनही महाग का, हा ॲडम स्मिथचा प्रश्न परीक्षेत हमखास येई. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण हा भेद अगदी विसरून जातो, आणि लिटरला किती किलोमीटर जाते एवढ्या एका आकड्यावर गाडीचे मोल ठरवतो. जाहिरातीतला तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतील ठरीव चाचणीतून आलेला असतो. तो खोटा नसतो. पण त्या चाचणीत इंदूरचे राजवाड्याचे चौक नसतात, आणि समोर आडवी आलेली गायही नसते. दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यापुरता तो घ्यावा, महिन्याच्या खर्चाचा अंदाज त्यावर बांधू नये.

मी बहिणीला उलट प्रश्न केला: गाडी वर्षाला किती धावणार? तिच्यापाशी उत्तर तयार नव्हते, परंतु काढता येण्याजोगे होते. आई तिच्याकडे राहते. आईचे मूत्रपिंड निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीन वेळा तिला डायालिसिसला न्यावे लागते. रुग्णालय घरापासून ११ किलोमीटर. पाळी सकाळी सहाची. मेहुणे फिरतीच्या नोकरीत, म्हणून गाडी बहिणीनेच चालवायची. येऊन-जाऊन २२ किलोमीटर, आठवड्याला ६६, वर्षाला साधारण ३,५०० किलोमीटर. बाकी फिरणे तिच्या स्कूटीवर.

आता हिशेब पाहा. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि सीएनजी किलोला ९० रुपये धरू. शहरात गाडी पेट्रोलवर १६ आणि सीएनजीवर २४ किलोमीटर जाते असे समजू. म्हणजे किलोमीटरमागे पेट्रोलला सव्वासहा रुपये आणि सीएनजीला पावणेचार रुपये पडतात. अडीच रुपयांची ही बचत ऐकून कोणाचेही मन वळेल. पण सीएनजीची गाडी सुमारे ९०,००० रुपयांनी महाग असते. जो मनुष्य वर्षाला १५,००० किलोमीटर धावतो त्याचे हे पैसे अडीच वर्षांच्या आत वसूल होतात. माझ्या बहिणीला त्यासाठी दहा वर्षे लागली असती. शिवाय टाकीने डिकी व्यापल्यावर आईची चाकांची खुर्ची ठेवायची कोठे?

याहून मोठा खर्च तर आपण खर्च म्हणून धरतच नाही. तो म्हणजे घसारा. विमा कंपन्यांचे दीर्घकाळ चालत आलेले कोष्टक आहे: गाडी सहा महिन्यांची होण्यापूर्वीच ५ टक्के, वर्ष भरेपर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाच वर्षे भरताना ५० टक्के किंमत वजा. बाजारात लोकप्रिय गाडीला याहून बरा भाव येतो हे खरे, पण हिशेबाला कोष्टकच धरलेले बरे. सहा लाखांची गाडी पाच वर्षांत तीन लाखांची झाली, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये नुसते उभ्या उभ्या गेले. बहिणीचे पेट्रोल वर्षाला २२,००० रुपयांचे. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी २५,००० धरले, तर एकूण १,०७,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला तीस रुपयांहून अधिक.

हा आकडा मी तिला सांगितला तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे टॅक्सी स्वस्त.” तिचे म्हणणे बरोबर होते. एका फेरीस येऊन-जाऊन ५०० रुपये धरले तरी वर्षाच्या १५६ फेऱ्यांचे ७८,००० होतात. निविदा असती तर मी टॅक्सीच मंजूर केली असती. परंतु पहाटे सव्वापाचला बोलावलेली टॅक्सी येतेच असे नाही. येते म्हणून कळवते आणि ऐनवेळी रद्द होते. आली तर चाकांची खुर्ची पाहून चालकाचा चेहरा बदलतो. डायालिसिसची पाळी चुकली तर ती दुसऱ्या दिवशी मिळेलच याची शाश्वती नाही, आणि पाळी चुकल्यावर आईच्या पायांवर चढणारी सूज मी स्वतः पाहिली आहे. तुलनात्मक तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नसतो.

तेव्हा गाडी घ्यावयाची, हे ठरले. नवी घ्यावयाची की जुनी, हा पुढचा प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि नव्या गाडीचा मोह वाढला. मेहुण्यांचा कल नव्या गाडीकडे, पण अगदी खालच्या प्रतीच्या मॉडेलकडे होता. येथे मला माझी एक गोष्ट सांगणे भाग पडले.

२०११ साली मी माझी पहिली मोटार घेतली. एअरबॅग असलेले मॉडेल ४५,००० रुपयांनी महाग होते. मी न्यूनतम दर स्वीकारला, आणि त्या शहाणपणाबद्दल कचेरीत स्वतःची पाठही थोपटून घेतली. २०१४ च्या हिवाळ्यात मथुरेजवळ दाट धुक्यात आमची गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. वेग फार नव्हता. माझ्या पत्नीचा जबडा मोडला. तिच्या बोलण्यात अजूनही काही अक्षरे अडखळतात. गाडीचे नाव मी सांगत नाही, कारण निवड माझी होती. त्याच वर्षी जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्यांच्या टकरीच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले होते. ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या त्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांतील फोक्सवॅगनची पोलो दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. सांगाडा तोच, गाडी तीच. ते निकाल मी वाचले होते. वाचून वर्तमानपत्र घडी करून ठेवले होते.

आता कायदा पुढे गेला आहे. चालकाच्या बाजूची एअरबॅग आणि ब्रेक लावताना चाके जाम न होऊ देणारी एबीएस यंत्रणा २०१९ पासून बंधनकारक झाली, शेजारच्या आसनाची एअरबॅग २०२१ अखेर प्रत्येक मॉडेलला आली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्या देशातच होऊ लागल्या. म्हणून मी बहिणीला सांगितले: जुनी घे, पण २०२२ किंवा त्यानंतर बनलेलीच घे, आणि त्या मॉडेलला मिळालेले तारे आधी पाहा. पहिला मोठा घसारा दुसऱ्याने सोसलेला असेल, आणि नव्या गाड्यांचा कर उतरल्याने जुनीचाही भाव उतरला पाहिजे हे घासाघीस करताना विसरू नकोस.

एक गोष्ट मात्र तिनेच ठरवली, आणि ती माझ्या कोणत्याही हिशेबात नव्हती. तिने आईला तीन गाड्यांत प्रत्यक्ष बसवून पाहिले. बुटक्या गाडीत शिरताना आईला गुडघे दुमडून खाली बसावे लागे आणि उठताना दोघांचा आधार लागे. उंच बांध्याच्या गाडीत, जिचा प्रघात आपल्याकडे १९९८-९९ मध्ये सँट्रो आणि वॅगन आर यांनी पाडला, आसन जवळजवळ खुर्चीच्या उंचीवर येते. ती टेकली, वळली आणि पाय आत घेतले. पावणेचार लाख सांगितलेली चार वर्षांची गाडी ३,६०,००० ला ठरली. कोणती, ते सांगत नाही, कारण तुमच्या घरचे गुडघे निराळे असतील.

कागदपत्रांचा भाग मी स्वतः पाहिला. आयुष्यात तेवढेच एक मला बरे येते. नोंदणी पुस्तकावर बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज फिटले होते, पण नमुना ३५ भरून बोजा उतरवायचे मालक विसरले होते. तो उतरेपर्यंत आम्ही पैसे रोखून धरले. विमा आपल्या नावावर करून घेण्यास १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि दावा न केल्याबद्दलची सवलत जुन्या मालकाबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही, हे पुष्कळांना हप्ता भरतानाच कळते. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील श्रोत्यांसाठी आणखी एक: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर नव्याने नोंदणी करावी लागते, आणि आधीच्या राज्यात भरलेल्या पंधरा वर्षांच्या कराचा परतावा मिळवणे हे वेगळेच एक पर्व असते. केंद्र सरकारच्या नोकरांना नवी गाडी घेताना २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेत नोंदणी करता येते, तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरावा लागतो. त्याचा लाभ घ्यावा.

बहिणीने गाडीत एक वही ठेवली आहे. किलोमीटर, पेट्रोल, हवा, धुलाई, सारे त्यात उतरते. पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब तिने मला वाचून दाखवला. घसारा धरून किलोमीटरला २५ रुपये पडले, टॅक्सीपेक्षा अडीच रुपये अधिक. मी विचारले, “मग पस्तावा होतो का?” ती म्हणाली, “दादा, तीन महिन्यांत एकही पाळी चुकलेली नाही.” आणि मग पुढचे टायर कोणत्या कंपनीचे घालू, असे विचारू लागली.