ऊर्जा गावाची, रोजगारही गावाचा

(मोडनिंब, ता. माढा, जि. सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पुणे-सोलापूर महामार्ग आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्ग या दोन्ही वाटांवर वसलेले मोडनिंब हे गाव. रस्ता आणि रेल्वे दोन्ही हाताशी असणे हे गावाचे भाग्यच. पण ज्या वाटेने माल बाजारपेठेला जातो, त्याच वाटेने शिकलेली मुलेही जातात. पदविका घेतलेला मुलगा चाकणच्या कारखान्यात लागतो आणि सणासुदीपुरता घरी येतो. आईवडिलांना त्याचा अभिमान वाटतो; पण सायंकाळी घरात दोघेच उरल्याची खंतही वाटते. आजचा विषय वरवर पाहता वीज आणि इंधनाचा आहे. मुळात तो या मुलांचा आहे.

स्वच्छ ऊर्जा आली की रोजगार आपोआप येतो, असा एक गोड समज सर्वत्र पसरलेला आहे. तो तपासून घेतला पाहिजे. 2023 साली राज्यात ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’चा दुसरा टप्पा सुरू झाला. भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये मिळण्याची तरतूद त्यात झाली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून मोटार सुरू करायला जावे लागू नये, हा त्यामागील हेतू सर्वथा स्वागतार्ह आहे. परंतु असा प्रकल्प एकदा उभा राहिला की त्याला फार माणसे लागत नाहीत. तावदाने धुणे, गवत काढणे आणि राखण करणे, एवढेच काम गावाच्या वाट्याला येते. तावदान घडवणारा कारखाना दूर, त्याची रचना करणारी प्रयोगशाळा त्याहून दूर. ऊन आपले, जमीन आपली आणि कौशल्य मात्र परक्याचे, अशी ही विभागणी आहे. ती बदलायची तर विद्यापीठ आणि गाव यांच्यामधील अंतर कमी करावे लागेल.

डेन्मार्कचा धडा

हे घडू शकते याचा दाखला डेन्मार्कने दिला आहे. तेथील आस्कोव्ह या खेड्यातील लोकविद्यालयात पाउल ला कूर नावाचे शिक्षक होते. 1891 मध्ये त्यांनी शाळेजवळ वीज निर्माण करणारी प्रायोगिक पवनचक्की उभारली. पण ते प्रयोगावर थांबले नाहीत. शेतकऱ्यांच्या मुलांना त्यांनी ग्रामीण वीजतंत्री म्हणून प्रशिक्षण दिले आणि ही मुले गावोगावी छोटी वीजकेंद्रे उभारू लागली.

1973 च्या तेलसंकटानंतर या परंपरेला पुन्हा पालवी फुटली. 1978 मध्ये रिसो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत लहान पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र सुरू झाले. ही प्रयोगशाळा पुढे 2007 मध्ये डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठात विलीन झाली. केंद्राने मान्यता दिलेल्या चक्कीच्या खरेदीला शासनाने अनुदान दिले. त्यामुळे चक्की बनवणारा प्रत्येक कारागीर प्रयोगशाळेच्या दारात आला. त्याच्या यंत्रातील दोष तेथे कळला आणि तो सुधारला गेला. हे कारागीर होते तरी कोण? वेस्टास ही कंपनी लेम गावातील एका लोहाराच्या दुकानातून 1898 साली सुरू झाली होती आणि शेतीची अवजारे, गाड्या बनवत होती. बोनस या दुसऱ्या कंपनीचे मूळ पिकांना पाणी देण्याच्या साधनांच्या व्यवसायात होते. शास्त्रज्ञाने लोहाराला हिणवले नाही आणि लोहाराने शास्त्रज्ञाला पुस्तकी ठरवले नाही. म्हणून त्या छोट्या देशातील खेड्यांत जगाला चक्क्या पुरवणारा उद्योग उभा राहिला.

बुद्धी येथील, काम अन्यत्र

महाराष्ट्रात संशोधनाची उणीव आहे काय? मुळीच नाही. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. हीच आजची रसायन तंत्रज्ञान संस्था, अर्थात ‘आयसीटी’. तेथे केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या ऊर्जा केंद्रात शेतातील टाकाऊ काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढण्याचे तंत्र विकसित झाले. काडीतील तंतू आधी मोकळे करायचे, विकरांच्या साहाय्याने त्यांची साखर करायची आणि ती आंबवून मद्यार्क मिळवायचा, असा हा क्रम. या तंत्राचा दररोज दहा टन काडीकचरा वापरणारा प्रात्यक्षिक प्रकल्प 2016 मध्ये उभा राहिला, तो उत्तराखंडातील काशीपूर येथे.

पुण्याच्या प्राज उद्योगसमूहाच्या तंत्राचेही तसेच. त्यावर आधारलेला इंडियन ऑइलचा प्रकल्प 2022 मध्ये हरियाणातील पानिपत येथे राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, ही त्याची क्षमता. पेंढा कापणे, गठ्ठे बांधणे, साठवणे, वाहून नेणे ही कामे तेथील लोकांना मिळतात. हा देशाचाच लाभ आहे. त्यात खेद मानण्याचे कारण नाही. मात्र त्यातून एक नियम शिकता येतो. रोजगार कल्पना जन्मते त्या ठिकाणी राहत नाही. कच्चा माल गोळा करण्याची शिस्त जेथे बसते तेथे तो जातो. मोडनिंबच्या परिसरात कच्चा माल नाही, असे कोण म्हणेल? उणीव आहे ती शिस्तीची आणि जोडणीची.

दिवा जोडणारे हात

अशी जोडणी साधल्याची उदाहरणेही आहेत. मुंबईच्या आयआयटीने 2014 च्या सुमारास सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत सौर अभ्यासदिवे पोहोचवण्याचा उपक्रम हाती घेतला. विद्यार्थ्याला दिवा 120 रुपयांत मिळे. तयार दिवे विकत घेऊन वाटणे सोपे होते. पण ज्या भागात दिवे द्यायचे, तेथील लोकांनाच शिकवून त्यांच्याकडून सुट्या भागांची जोडणी, विक्री आणि दुरुस्ती करून घ्यायची, असे ठरले. पुढे राजस्थानातील डुंगरपूरच्या वनवासी महिलांनी याच अनुभवातून सौर तावदाने बनवण्याचा ‘दुर्गा’ हा उद्योग उभा केला. ज्या घरांत रॉकेलची चिमणी मिणमिणत होती, त्या घरांतील स्त्रिया सौर तावदाने बनवू लागल्या.

दुसरे उदाहरण मोडनिंबला अधिक जवळचे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याची सुटसुटीत भट्टी तयार केली. 2002 मध्ये या कामाला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यातील विचार साधा आहे. पाचट वजनाला हलके. ट्रॉली शिगोशीग भरली तरी वाहतुकीचा खर्च निघत नाही. म्हणून पाचट कारखान्याकडे नेण्याऐवजी भट्टीच शेतात न्यायची, जागेवर कोळसा करायचा, त्याच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडायच्या आणि त्या विकायच्या. एका कुटुंबाला पेलेल असा हा व्यवसाय.

मोडनिंबचा प्रश्न

आता प्रश्न मोडनिंबचा. ऊसतोड झाली की पाचटाला काडी लावायची, ही जुनी खोड आहे. एक हेक्टर उसातून आठ-दहा टन पाचट निघते आणि ते तासाभरात धूर होऊन जाते. पण म्हणून सगळे पाचट भट्टीत घालणेही शहाणपणाचे नाही. पाचटाचे आच्छादन जमिनीत ओल धरते, कुजून सेंद्रिय कर्ब वाढवते. ज्वारीच्या कडब्याला तर हातही लावता कामा नये. त्यावर पहिला हक्क गोठ्यातील जनावरांचा. मग इंधनासाठी काय घ्यायचे? तुराट्या, डाळिंबाच्या छाटणीच्या काटक्या, वेडी बाभूळ, की पाचटाचा काही हिस्सा? कोणत्या जमिनीत किती पाचट ठेवायचे? उरलेल्यातून घरी किती पैसा येईल?

याची उत्तरे काशीपूरला किंवा डेन्मार्कला मिळणार नाहीत. ती येथील मातीतच शोधावी लागतील. 2004 पर्यंत या जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्या वर्षी एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ निर्माण झाले आणि आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. ज्या राज्यकर्तीने घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधून लोकांची प्रत्यक्ष गरज भागवली, तिच्या नावाच्या विद्यापीठाकडून जिल्ह्याने पदवीबरोबरच अशा प्रश्नांच्या उत्तरांचीही अपेक्षा ठेवली पाहिजे.

2023 च्या अपुऱ्या पावसानंतर साखरेचा तुटवडा होऊ नये म्हणून केंद्र शासनाने डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, हेही विसरून चालणार नाही. रसावर उभा राहिलेला रोजगार पावसाबरोबर डळमळतो. टाकाऊ मालावर आणि दुरुस्तीच्या कौशल्यावर उभा असलेला रोजगार अधिक टिकाऊ असतो. आज शेतोशेती सौरपंप बसत आहेत. तो बंद पडला की तंत्रज्ञाची वाट पाहत पीक सुकते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या दहा मुलांनी हे काम नीट शिकून घेतले, तर त्यांना चाकणला जावे लागणार नाही आणि शेतकऱ्यालाही तिष्ठत बसावे लागणार नाही.

त्यासाठी मोठ्या घोषणांची गरज नाही. गावातील जाणत्यांनी एक टाचण करावे: किती सौरपंप आहेत, त्यांतील किती बंद आहेत, किती एकर ऊस आहे, कोण पाचट जाळतो आणि का जाळतो. ते टाचण घेऊन महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे जावे आणि या हंगामात पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हाच विषय द्यावा, अशी विनंती करावी. शेतकऱ्याने चाचणीसाठी अर्धा एकर द्यावा, साखर कारखान्याने वजनकाटा उपलब्ध करून द्यावा. विद्यापीठ गावात येईल याची वाट पाहत बसण्यापेक्षा गावानेच आपला प्रश्न घेऊन विद्यापीठाचे दार ठोठवावे.

आस्कोव्हच्या त्या शिक्षकाकडे धन नव्हते, सत्ताही नव्हती. समोर बसलेली शेतकऱ्यांची मुले हेच त्याचे भांडवल होते. मोडनिंबकडे ते भांडवल आज आहे. ते सकाळच्या गाडीने पुण्याला निघून जाण्यापूर्वी त्याला गावात काम दिले पाहिजे.