टर्बो मोटारगाडी आणि तिचें मोल

मोटारगाडीच्या मागील नळींतून बाहेर पडणारा धूर निरुपयोगी असतो, अशीच आपणां सर्वांची समजूत असते. परंतु त्या धुरांत उष्णता असते, वेगहि असतो. पेट्रोलांतील शक्तीचा बराच मोठा भाग त्याच्याबरोबर हवेंत निघून जातो. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस इंजिनिअरानें १९०५ सालीं या वायां जाणाऱ्या शक्तीला कामास लावण्याच्या कल्पनेचें पेटंट घेतलें. धुराच्या झोतानें एक लहानसें चक्र फिरवावयाचें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकाला दुसरें चक्र बसवावयाचें, आणि त्यानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावयाची. हवा अधिक मिळाली म्हणजे पेट्रोल अधिक जाळतां येतें, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनांतून अधिक शक्ति निघते. यालाच टर्बो म्हणतात.

जहाजांना आणि विमानांना ही युक्ति लवकर मानवली. विक्रीच्या मोटारींत ती येण्यास १९६२ साल उजाडलें. त्या वर्षीं अमेरिकेंत ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन गाड्यांना टर्बो बसविण्यांत आला. पैकीं जेटफायरला पेट्रोलाशिवाय पाणी व मेथिल अल्कोहोल यांचें मिश्रणहि पाजावें लागे. मोटारीला दोन प्रकारचीं पेयें पुरविण्याची हौस फारशा मालकांना नव्हती, आणि ती गाडी अल्पायुषी ठरली.

परंतु आज मला सांगावयाची आहे ती गोष्ट स्टुटगार्टच्या पोर्शे कारखान्याची. १९७२ आणि १९७३ या दोन्ही वर्षीं या कारखान्याच्या टर्बो बसविलेल्या शर्यतीच्या गाड्यांनीं उत्तर अमेरिकेंतील कॅन-ॲम शर्यतमालिका जिंकली. तेंच ज्ञान आपल्या ९११ या रस्त्यावरच्या गाडींत उतरवावें, असें कारखान्याचे तेव्हांचे प्रमुख एर्न्स्ट फूरमान यांनीं मनावर घेतलें. वेळ मात्र अगदीं प्रतिकूल. १९७३ च्या अखेरीस जगांत तेलाचा तुटवडा पडला. पश्चिम जर्मनींत चार रविवारीं खाजगी मोटारी बाहेर काढण्यास बंदी झाली. अशा दिवसांत पेट्रोल ढोसणारी ही महागडी गाडी घेणार कोण? तरीहि १९७४ च्या ऑक्टोबरांत ती पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडण्यांत आली. पहिलीवहिली टर्बो त्यापूर्वींच, ऑगस्टमध्यें, फर्डिनंड पोर्शे यांच्या कन्या लुईझ पीएख यांना सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाली होती.

तीन लिटरचें इंजिन, २६० अश्वशक्ति, गिअर चारच, रुंद चाकांसाठीं फुगविलेले मडगार्ड आणि मागच्या झांकणावर आडवा पंख, असें तिचें रूप होतें. कारखान्यांतील तिचा क्रमांक ९३०. शर्यतीच्या नियमापुरत्या शेंकड्यांनीं मोजण्याइतक्याच गाड्या काढावयाच्या होत्या. गिऱ्हाइकें इतकीं आलीं कीं, १९८९ पर्यंत वीस हजारांहून अधिक निघाल्या.

या गाडीला इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ‘विधवा करणारी’ असें टोपणनांव पडलें. त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. इंजिन मागच्या आंसाच्याहि मागें, म्हणजे वजन बहुतेक शेपटाकडे. टर्बोचें चक्र धुरावर फिरणार, आणि धूर थोडा असेल तोंवर तें मंदच राहणार. चालकानें वळणावर ॲक्सिलरेटर दाबला, तर प्रथम कांहींच घडत नसे. क्षणभर वाट पाहावी लागे. मग चक्र एकाएकीं वेग घेई आणि सारी शक्ति मागच्या चाकांवर येऊन आदळे. तोंपर्यंत गाडी वळणाच्या मध्यावर आलेली. घाबरून पाय उचलावा, तर भार पुढें झुके, मागच्या चाकांची पकड सुटे, आणि जड शेपूट पुढें येऊं पाही. जाणता चालक वेग वळणापूर्वींच कमी करी; पण पैशानें गाडी मिळते, ही जाण मिळत नाहीं. आजचे कित्येक शौकीन हें टोपणनांव मोठ्या कौतुकानें उच्चारतात. त्या शब्दांत एक विधवा आहे, याचा त्यांना विसर पडतो, हें मला बरें वाटत नाहीं.

१९७८ च्या नमुन्यापासून इंजिन ३.३ लिटरचें झालें, दाबलेली हवा थंड करणारें यंत्र आलें, शक्ति ३०० वर गेली, ब्रेकहि सुधारले. शेवटच्या, म्हणजे १९८९ च्या गाडीला मात्र पांचवा गिअर मिळाला.

पुढें बरींच वर्षें तिला जुन्या गाडीचाच भाव होता. १९९८ सालीं हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाची ९११ कायमची बंद झाली, आणि कालांतरानें संग्राहकांची दृष्टि मागें वळली. आज तीन लिटरच्या आरंभींच्या गाड्या आणि शेवटच्या वर्षाच्या पांच गिअरच्या गाड्या यांना विशेष मागणी असते. पूर्वींच्या मालकांनीं अधिक वेगाच्या हव्यासानें मोठे टर्बो बसविले आणि मूळचे भाग फेंकून दिले. आतां तेच भाग लोक शोधीत फिरतात. शिवाय साध्या ९११ ला टर्बोचें रूंद अंग स्वतः कारखानाच १९८० नंतरच्या दशकांत मागणीप्रमाणें देत असे. म्हणून मडगार्ड पाहून भुलूं नये. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक कारखान्याच्या नोंदीशीं जुळतात कीं नाहीं, तें पाहावें. मूळ रंग, जुनीं दुरुस्तीचीं बिलें आणि मालकांची अखंड मालिका यांनाहि पैसा मोजला जातो. नट स्टीव्ह मॅक्वीन यानें मुद्दाम बनवून घेतलेली १९७६ ची टर्बो २०१५ सालीं कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें लिलांवांत साडेएकोणीस लाख डॉलरांस गेली. मागचे दिवे मालवून पोलिसांना चकविण्यासाठीं तींत म्हणे एक खास बटण होतें! ही किंमत गाडीची किती आणि मॅक्वीनची किती, तें श्रोत्यांनींच ठरवावें.

भावाच्या या चढाचा एक परिणाम मला खटकतो. कमी धांवलेल्या गाडीला अधिक किंमत येते, म्हणून मालक तिला पांघरूण घालून उभी ठेवतात. परंतु उभ्या गाडींत रबरी नळ्या ताठरतात, पेट्रोल नासतें, आणि तेलबंद ठेवणारीं सीलें वाळून गळूं लागतात. दोन्हीं गाड्यांचे कागद सारखेच चोख असतील, तर मी नियमानें तेल बदललेली, दर महिन्याला रस्त्यावर येणारी गाडी आधीं पाहीन. आणि ती पाहतांना इंजिन थंड असतांनाच चालू करावयास सांगेन, म्हणजे मागच्या नळींतून निळा धूर येतो कीं काय, तें डोळ्यांनीं दिसेल.