नोंदवहीबाहेरचे मूल



ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत कोयते मोजले जातात आणि उचलही कोयत्याच्या हिशेबाने मिळते. त्या कोयत्याच्या पाठीशी बांधलेले तान्हे मूल मुकादमाच्या वहीत नसते. ते आरोग्य खात्याच्या वहीत तरी असते काय?

समजा, बीड जिल्ह्यातील एका गावात सप्टेंबरमध्ये मूल जन्मले. बीसीजी, कावीळ-ब आणि पोलिओचा जन्मतः द्यावयाचा डोस रुग्णालयातच मिळाला. त्यानंतर पेंटाव्हॅलंट लसीचे तीन डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात द्यावयाचे असतात. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव रिकामे होऊ लागते. आई-बाप सांगली, कोल्हापूर किंवा राज्याची सीमा ओलांडून बेळगावकडच्या फडावर जातात. गावची आशा सेविका नोंदवहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा लिहिते. तो शेरा खराच असतो. फडाजवळच्या उपकेंद्रातील परिचारिकेच्या यादीत हे मूल नसते, कारण ते तिच्या गावचे नाही. लसीकरणाचे कार्ड बहुधा घरच्या पेटीत राहिलेले. कर्तव्यात कसूर कोणीच केलेली नाही आणि तरीही मूल निसटले!

ज्या बालकाला घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या लसीचा पहिलाही डोस मिळालेला नाही, त्याला आरोग्यशास्त्रात ‘शून्य डोस’ बालक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार भारतात अशी बालके २०२३ मध्ये सुमारे १६ लाख होती. २०२४ मध्ये ती सुमारे ९ लाखांवर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पूर्ण लसीकरणाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ७६ टक्क्यांवर गेले. ही प्रगती लहान नव्हे. परंतु उरलेली बालके देशभर सारखी विखुरलेली नसतात. ती वीटभट्टीवर, बांधकामाच्या तळावर, भटक्यांच्या पालांत, डोंगरातल्या पाड्यांवर आणि महानगरांच्या दाट वस्त्यांत एकवटलेली असतात. गोवर थोपवण्यासाठी समाजातील सुमारे ९५ टक्के लोक संरक्षित असावे लागतात. जिल्ह्याची सरासरी कितीही उत्तम असो, एका गल्लीतील दहा-वीस मुले सुटलेली असली की रोग तीच गल्ली शोधतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात हेच घडले. करोनाकाळात चुकलेल्या लसी, खेटून असलेली घरे आणि रोजगारासाठी येणारी-जाणारी कुटुंबे. बालके दगावली तेव्हा शहर जागे झाले.

आता साधनांविषयी. २०१५ पासून सरकारने ‘ईविन’ ही प्रणाली सुरू केली. लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे. त्यासाठी शीतपेटीत तापमापक बसवण्यात आले आणि साठ्याची नोंद भांडारातील कर्मचारी मोबाइलवर करू लागला. पेटी तापली की संदेश जातो. लस कोठे किती आहे, हे यातून कळू लागले. मूल कोठे आहे, ते मात्र कळत नव्हते. १६ जानेवारी २०२१ रोजी करोना लसीकरणासोबत ‘कोविन’ आले आणि १७ जुलै २०२२ रोजी देशाने २०० कोटी डोसांचा टप्पा ओलांडला. व्यक्तीगणिक नोंद ठेवणे एवढ्या विराट देशातही शक्य आहे, हे त्यातून दिसले. त्याच धर्तीवर माता-बालकांसाठी ‘यूविन’ तयार झाले. जानेवारी २०२३ पासून ६५ जिल्ह्यांत त्याचा प्रयोग झाला व पुढे ते देशभर नेण्यात आले. प्रत्येक डोसाची नोंद, पुढच्या तारखेचा संदेश, मोबाइलवर प्रमाणपत्र, आणि मुख्य म्हणजे देशात कोठेही डोस घेण्याची सोय. बीडच्या मुलाची नोंद कोल्हापूरच्या परिचारिकेला दिसावी, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

परंतु यंत्राला तेच मूल दिसते, जे कोणीतरी यंत्रात घातले आहे. नोंद शोधायची मोबाइल क्रमांकावरून. आणि ऊसतोड कुटुंबाचा क्रमांक कोणता? कधी बापाचा, कधी मुकादमाचा, कधी हंगाम संपताच बंद पडलेला. मग त्याच मुलाची दुसरी नोंद होते. संगणकाला दोन अर्धवट बालके दिसतात आणि खरे मूल एकच असते. ज्याचा जन्मच घरी झाला, त्याची तर एकही नोंद नाही.

उत्तर नायजेरियात पोलिओ मोहिमेचे आराखडे हाताने काढलेल्या नकाशांवर बेतलेले असत. २०१२ पासून उपग्रहचित्रांचा आधार घेतल्यावर नकाशात नसलेल्या वस्त्या उजेडात आल्या. उपग्रहाने घरे दाखवली. घरात किती मुले आहेत, हे पाहायला तेथेही कार्यकर्त्यांनाच चालत जावे लागले. भारताचा अनुभव याहून जुना आहे. पोलिओ मोहिमेत दारावर खडूने खूण होई: काम पुरे झाले तर ‘पी’, मूल राहिले असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’च्या दारी पुन्हा जायचे, मूल भेटेपर्यंत जायचे. बालकाच्या डाव्या करंगळीवर शाई लागे. वीटभट्ट्या आणि पालांच्या याद्या स्वतंत्रपणे केल्या गेल्या. १३ जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी तसे प्रमाणपत्र मिळाले. त्या यशात संगणकाचा वाटा थोडाच होता.

म्हणून साखर कारखान्याच्या परिसरात सेवाकार्य करणाऱ्यांनी प्रथम कोप्या मोजाव्यात. प्रत्येक कोपीतील पाच वर्षांखालील मुले, त्यांचे मूळ गाव आणि आईच्या स्मरणातील डोस लिहून घ्यावेत. कार्ड गावी असेल तर तेथील आजी किंवा शेजाऱ्याकडून त्याचे छायाचित्र मागवावे. मोबाइलचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल. ही यादी घेऊन आरोग्य केंद्रात जावे आणि परिचारिकेला जुनी नोंद शोधायला मदत करावी. नोंद सापडली नाही किंवा कागदपत्र अपुरे आहे म्हणून मूल डोसाविना परतणार नाही, हे तेथेच ठरवून घ्यावे. वेळेचेही पाहावे लागेल. टोळी पहाटेच्या अंधारात फडावर जाते, तान्ह्या मुलाला सोबत नेते आणि गाडी भरल्यावर परतते. दुपारी भरणाऱ्या सत्राला कोप्यांवर फार तर त्याची थोरली बहीण भेटेल.