फाशी रद्द झाली, जल्लाद गुप्त झाला

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

शासनाची गुप्तता आणि दहशतवादाचा बीमोड करण्याच्या नावाखाली केल्या जाणाऱ्या छुप्या हत्या, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या विषयाचा उच्चार होताच आपल्यासमोर अमेरिकेची हेरसंस्था उभी राहते, आणि ते साहजिकच आहे. परंतु आज मी मुद्दाम स्पेनचे उदाहरण घेणार आहे. त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, तेथे हे सारे घडले ते कामगारांच्या मतांवर प्रचंड बहुमताने निवडून आलेल्या समाजवादी सरकारच्या कारकीर्दीत. विरोधकांच्या राज्यात असे घडते, हे पुन्हा एकदा ऐकून आपल्या ज्ञानात फारशी भर पडत नाही; ज्यांच्याकडून जनतेला वेगळी अपेक्षा होती त्यांच्या राज्यात ते कसे घडले, हे समजून घेणे अधिक अगत्याचे आहे. दुसरे असे की, तेथे गुप्ततेचा पडदा अखेर फाटला आणि बरेच काही न्यायालयात शाबीत झाले. त्यामुळे आपल्याला अफवांवर विसंबून बोलावे लागत नाही.

हुकूमशाहीचा वारसा

जनरल फ्रँको १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये मरण पावला. त्याच्या राजवटीत बास्क जनतेची भाषा आणि स्वायत्तता चिरडून टाकण्यात आली होती. त्या दडपशाहीच्या काळातच, १९५९ साली, ‘एटा’ ही बास्क संघटना स्थापन झाली आणि पुढे तिने शस्त्राचा मार्ग धरला. हुकूमशाही संपली तरी एटाच्या हत्या थांबल्या नाहीत, उलट वाढल्या. एकट्या १९८० साली तिने नव्वदहून अधिक माणसे मारली. आपल्या साऱ्या कारकीर्दीत तिने आठशेहून अधिक बळी घेतले. पोलीस आणि लष्करी अधिकारी यांच्याबरोबरच नगरसेवक, पत्रकार आणि रस्त्याने जाणारे सामान्य नागरिकही त्यांत होते. ही गोष्ट सौम्य करून सांगण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. जनतेच्या वतीने बोलण्याचा दावा करीत जनतेलाच बॉम्बने उडविणाऱ्या राजकारणाशी श्रमिकांच्या चळवळीचे नाते असू शकत नाही.

१९७८ साली स्पेनने नवी राज्यघटना स्वीकारली. तिच्या १५ व्या कलमाने छळाला बंदी केली आणि देहान्ताची शिक्षा रद्द केली. अपवाद ठेवला तो फक्त युद्धकाळातील लष्करी कायद्याचा. अर्धे शतक फाशी, गोळीबार आणि गळफासाचे यंत्र पाहिलेल्या देशाने हे कलम लिहिले, यातच त्याचे मोल आहे. परंतु त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. फ्रँकोच्या राजवटीने १९६८ साली केलेला शासकीय गुपितांचा कायदा किरकोळ दुरुस्त्या करून तसाच पुढे चालू ठेवण्यात आला. एखादा कागद गुप्त ठरला की किती वर्षांनी तो आपोआप खुला व्हावा, याची मुदतच त्या कायद्यात नव्हती. लोकशाही आली, कपाटाची किल्ली मात्र जुन्याच खुंटीला राहिली.

चुनखडीतील अस्थी

ऑक्टोबर १९८२ च्या निवडणुकीत फेलिपे गोन्सालेस यांच्या समाजवादी पक्षाला ३५० पैकी २०२ जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८३ मध्ये, फ्रान्सच्या हद्दीतील बायॉन शहरातून लासा आणि साबाला हे विशीतले दोन बास्क निर्वासित तरुण नाहीसे झाले. ते एटाचे सदस्य असल्याचे सांगितले जात होते. ते खरे असेल तर त्यांना पकडून न्यायालयासमोर उभे करता आले असते. तसे झाले नाही. त्यांना सीमेपलीकडे सान सेबास्तियान येथे आणून एका रिकाम्या वाड्यात कोंडण्यात आले, त्यांचा छळ झाला, आणि मग शेकडो किलोमीटर दूर, आलिकान्ते प्रांतातील बुसोत गावाजवळ नेऊन त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. प्रेते चुनखडी टाकून पुरण्यात आली.

जानेवारी १९८५ मध्ये तेथे अस्थी सापडल्या. त्या कोणाच्या, हे ठरायला १९९५ साल उजाडावे लागले. दहा वर्षे त्या अस्थी बेवारस म्हणून पडून होत्या आणि दहा वर्षे दोन कुटुंबे आपल्या मुलांची वाट पाहात होती. कॉम्रेड्स, शासनाची गुप्तता हा शब्द वृत्तपत्रात वाचताना फार कोरडा वाटतो. त्याचा एक अर्थ हा आहे: आपला मुलगा जिवंत आहे की मेला, हेही आईला सांगायचे नाही.

त्याच डिसेंबरात आंदाय येथून एका फर्निचर-विक्रेत्याला पळविण्यात आले. एटाचा पुढारी समजून भलत्याच माणसाला उचलले होते. चूक लवकरच ध्यानात आली, तरीही त्याला दहा दिवस डोंगरातील एका झोपडीत डांबून ठेवले. फ्रान्सने पकडलेल्या स्पॅनिश पोलिसांना सोडावे म्हणून दबाव आणण्यासाठी हा निरपराध माणूस ओलीस म्हणून वापरला गेला. सोडताना त्याच्या खिशात एक चिठ्ठी घालण्यात आली. ‘दहशतवादविरोधी मुक्तिगट’, म्हणजे जी.ए.एल., या नावाची जगाला ओळख झाली ती त्या चिठ्ठीने. १९८७ पर्यंत या गटाच्या नावावर २७ हत्या नोंदल्या गेल्या. मारेकरी बहुतांशी भाडोत्री होते. पैसा गृहखात्याच्या गुप्तनिधीतून जात होता. मृतांपैकी अनेकांचा एटाशी काडीचाही संबंध नव्हता. ज्या राज्यघटनेने फाशी रद्द केली, तिच्याच छायेत हे घडले.

गुप्तता कोणापासून?

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. ही गुप्तता नेमकी कोणापासून होती? एटाला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होते की या गोळ्यांमागे कोण आहे. फ्रेंच पोलिसांनी सीमेवर स्पॅनिश पोलीसच पकडले होते, तेव्हा त्यांनाही संशय नव्हता. ज्याला कळू द्यायचे नव्हते तो एकच उरतो: ज्याच्या करातून गुप्तनिधी भरला जात होता आणि ज्याच्या मतावर सरकार उभे होते, तो स्पेनचा नागरिक. ‘राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी’ हे शब्द जेव्हा जेव्हा उच्चारले जातात, तेव्हा हा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

पुढे काय झाले ते पाहा. होसे आमेदो आणि मिशेल दोमिंगेस या दोन पोलिसांवर संशय आला. न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी आमेदोच्या प्रवासाचा खर्च कोणत्या पैशातून झाला, असे विचारले. गृहखात्याने गुप्तनिधीचा हिशेब देण्यास नकार दिला. १९९१ साली त्या दोघांना प्रत्येकी १०८ वर्षांची शिक्षा झाली. वरचे सारे नामानिराळे राहिले. १९९४ च्या अखेरीस दोघांनी तोंड उघडले, तेव्हा शिडीच्या वरच्या पायऱ्या दिसू लागल्या. जुलै १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी गृहमंत्री होसे बार्रिओनुएव्हो आणि सुरक्षा खात्याचे राज्यसचिव राफाएल व्हेरा यांना त्या फर्निचर-विक्रेत्याच्या अपहरणाबद्दल आणि सार्वजनिक पैशाच्या अपहाराबद्दल दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. ते सप्टेंबरमध्ये तुरुंगात गेले आणि अंशतः माफी मिळून नाताळपूर्वी बाहेर आले. लासा आणि साबाला यांच्या हत्येबद्दल २००० साली सिव्हिल गार्डचा जनरल गालिन्दो याला ७१ वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती ७५ वर्षांवर नेली. तोही काही वर्षांतच प्रकृतीच्या कारणावरून घरी परतला.

यातील एक प्रसंग विशेष बोधप्रद आहे. विरोधी पक्षात असताना उजव्या पक्षाचे पुढारी आस्नार यांनी याच प्रकरणावरून गोन्सालेस सरकारवर झोड उठविली होती. १९९६ साली ते स्वतः पंतप्रधान झाले. न्यायालयांनी लष्करी गुप्तहेर खात्याचे कागद मागितले, तेव्हा त्यांच्या सरकारने ते खुले करण्यास नकार दिला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कोठे त्यांतील काही कागद बाहेर आले. सरकार बदलले, पक्ष बदलला, कपाट तेच राहिले. शासनयंत्रणा आपली गुपिते एका मंत्रिमंडळाकडून दुसऱ्याकडे वारशाप्रमाणे सोपवते. या बाबतीत सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात किती चटकन एकमत होते, हे पाहण्यासारखे असते.

गोन्सालेस यांच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नाही आणि त्यांनी आपला संबंध सतत नाकारला. २०२० साली अमेरिकेच्या सी.आय.ए.च्या १९८४ मधील एका टिपणाच्या आधारे त्यांचे नाव पुन्हा वृत्तपत्रांत आले. त्यावर संसदीय चौकशी नेमण्याची मागणी झाली. दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून ती अडविली. ते दोषी होते असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास पुरावा हवा. कागद बंद असल्यामुळे दोषी माणूस सुटू शकतो आणि निर्दोष माणसाला आपले निर्दोषत्व सिद्धही करता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘पण उपयोग झाला ना?’

जी.ए.एल.चे समर्थक एक युक्तिवाद करतात, आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, या हत्यांमुळे फ्रान्स वठणीवर आला. १९८४ पासून तो संशयितांना स्पेनच्या हवाली करू लागला. फ्रान्सचे धोरण बदलले हे खरे आहे. परंतु दोन शेजारी सरकारांनी आपसातील वाटाघाटींनी जे करायचे, त्यासाठी २७ माणसांचे प्राण घेण्याचा परवाना कोणी कोणाला दिला? आणि एटाचे काय झाले? जी.ए.एल.चे सत्र चालू असतानाच, जून १९८७ मध्ये, बार्सेलोना येथील एका मोठ्या दुकानात एटाने बॉम्बस्फोट केला आणि २१ निरपराध माणसे मारली. तिने शस्त्रे थांबविली ती २०११ साली, म्हणजे जी.ए.एल.च्या अखेरीनंतर २४ वर्षांनी. तोपर्यंत प्रत्येक नव्या पिढीतील तरुणाला सांगण्यासाठी तिच्याजवळ बुसोतच्या चुनखडीतील अस्थींची कथा होती. ती कथा एटाला सरकारने पुरविली होती.

एटा संपली ती पुराव्यानिशी केलेल्या अटकांमुळे, उघड्या न्यायालयातील खटल्यांमुळे, आणि मुख्यतः जनतेने तिच्याकडे पाठ फिरविल्यामुळे. १९९७ च्या जुलैत एका तरुण नगरसेवकाची तिने हत्या केली, तेव्हा लाखो माणसे रस्त्यावर आली. त्यांत बास्क माणसेही होती. दहशतवादाचा खरा पराभव तेथे सुरू झाला.

आपल्या दारातील प्रश्न

हा धडा दूरदेशीचा नाही. इंग्रजांनी १९२३ साली केलेला शासकीय गुपितांचा कायदा स्वातंत्र्यानंतर आपणही तसाच पुढे चालविला. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यांसंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निर्णय दिला आणि प्रत्येक मृत्यूची नोंद, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी बंधनकारक केली. मणिपूरमध्ये मृतांच्या कुटुंबीयांच्याच संघटनेने १५२८ मृत्यूंची यादी न्यायालयापुढे मांडली. ८ जुलै २०१६ च्या निकालाने स्पष्ट केले की अशांत टापूतही सैनिकाला वा पोलिसाला संपूर्ण अभय नाही. ही यादी कोणत्याही खात्याने स्वतः होऊन दिली नव्हती. विधवांनी आणि आयांनी ती गावोगाव फिरून जमविली होती.

म्हणून आपल्या कामाची दिशा स्पष्ट आहे. चकमकीची बातमी आली की मृताचे नाव काय, तपास कोणाकडे आहे, दंडाधिकाऱ्याची चौकशी सुरू झाली की नाही, हे विचारणे आपल्या प्रत्येक शाखेला शक्य आहे. मृत मनुष्य आपल्या विचाराचा नसेल, कदाचित आपल्या विरोधातला असेल. तरीही विचारले पाहिजे. दहशतवादी कोण हे ठरविण्याचा अधिकार उघड्या न्यायालयाचा आहे. तो बंद खोलीकडे गेला की दहशतवादी ही पदवी मेल्यानंतर बहाल केली जाते, आणि मृताला अपील करता येत नाही. आज ज्याच्यासाठी आपण गप्प बसू, त्याच्याच यादीखाली उद्या संपकऱ्यांचे आणि शेतमजुरांच्या कार्यकर्त्यांचे नाव लिहायला जागा मोकळी असेल. ती यादी उघड करण्याचा आग्रह धरणे, हे आपले आजचे काम आहे.